कॉमा, कोट आणि शेवटची ओळ

मजकुराची साधी फाइल वाचणं हे प्रोग्रामिंगमधलं सगळ्यात हलकं काम समजलं जातं. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच देतात : ही यादी घे, रकमांची बेरीज कर, निकाल दुसऱ्या फाइलीत लिही. पायथनमध्ये ते दहा ओळींत होतं. त्या दहा ओळींवर कुणाचा पीकविमा, कुणाची पेन्शन, कुणाच्या रक्ततपासणीचा निकाल अवलंबून असतो, आणि त्या कशा लिहाव्यात यावर दोन ठाम मतं आहेत. एक मत म्हणतं, मुरलेली लायब्ररी वापरा, फाइल जशी येईल तशी समजून घ्या, काम पुढे न्या. दुसरं म्हणतं, फाइलीने स्वतःचा हिशोब स्वतः दिला पाहिजे; तो जुळला नाही तर पुढे जायचंच नाही.

ही दोन मतं इथे आत्या आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. आत्या बँकेच्या संगणक विभागात कोबोलच्या काळापासून होती, आता निवृत्त आहे. भाची रोज पायथनमध्ये काम करते. दोघींसमोर एका गावच्या सोसायटीच्या सीएसव्ही, म्हणजे कॉमांनी रकाने पाडलेल्या, यादीतली नमुन्याची ओळ आहे. नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक आणि मंजूर रक्कम असे तिचे रकाने. (फाइलीतले आकडे इंग्रजी आहेत, इथे मराठीत छापले आहेत.)

"पाटील, शांताबाई रामचंद्र",१२/३,००४५००१२३४५,"१,२५,०००"

आत्या : यात रकाने किती?

भाची : चार.

आत्या : आणि कॉमा?

भाची : सहा. म्हणून तर कॉमावर सरळ तोडायचं नाही. ‘स्प्लिट’ लावलंस की सात तुकडे पडतात. आडनाव एकीकडे, नाव दुसरीकडे आणि सव्वा लाखाचे तीन तुकडे. त्यात वाईट हे, की प्रोग्राम थांबत नाही. चौथ्या रकान्यात रक्कम असते असं धरलेलं असतं, आणि आता चौथ्या जागी खाते क्रमांक आलेला असतो. शांताबाईंना पंचेचाळीस कोटी बारा हजार तीनशे पंचेचाळीस रुपये मंजूर झाले असं प्रोग्राम मानतो.

आत्या : आणि तुझी लायब्ररी?

भाची : पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल कोटाच्या आतला कॉमा मजकूर धरतं, बाहेरचा कॉमा सीमा धरतं. कोटाच्या आत कोट हवा असेल तर तो दोनदा लिहायचा, हेही त्याला कळतं. पत्ता लिहिताना कुणी एन्टर मारलं असेल तर एक नोंद दोन ओळींवर पसरते; तीही ते एकच धरतं. २००३ साली पायथन २.३ बरोबर ते आलं, तेव्हापासून जगभरच्या फाइली त्याने पचवल्यात. हे नियम मी माझ्या हाताने पुन्हा का लिहू?

आत्या : नियम कधी ठरले?

भाची : इंटरनेटच्या ‘आरएफसी’ दस्तऐवजांतला ४१८० क्रमांकाचा, ऑक्टोबर २००५.

आत्या : म्हणजे वाचणारं आधी आलं आणि नियम मागून.

भाची : हो. आणि तोही सक्तीचा नियम नाही. चालू असलेली रीत लिहून ठेवली, इतकंच. त्याआधी जो तो आपल्या पद्धतीने लिहायचा. म्हणून या मॉड्यूलमध्ये ‘डायलेक्ट’ आहेत. काही सांगितलं नाही तर जो धरला जातो, त्याचं नावच ‘एक्सेल’ आहे.

आत्या : आमच्या फाइलीत अशी निवड नव्हती. नाव पहिल्या स्थानापासून तिसाव्यापर्यंत. खातं एकतीस ते एकेचाळीस. रक्कम बेचाळीस ते बावन्न, पैशांत, डावीकडे शून्यं भरून. कॉमा नाही, कोट नाही. ही मांडणी कोबोलच्या प्रोग्रामात डेटा डिव्हिजनमध्ये लिहिलेली असायची. वाचणाऱ्याने काही ओळखायचं नसायचं.

भाची : नावं इंग्रजीत होती म्हणून ते चाललं, आत्या. ‘शांताबाई’ मराठीत घे. डोळ्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशोबाने आठ चिन्हं होतात : श, काना, अनुस्वार, त, काना, ब, काना, ई. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे चोवीस. पुढे एक मोकळी जागा, मग ‘पाटील’. पंचविसावा बाइट मोकळा, अठ्ठाविसाव्याला ‘प’ संपतो, आणि तिसाव्यावर कात्री लावलीस की ‘पा’चा काना तीनपैकी दोन बाइटांवर तुटतो. तो तुकडा कुठलंच अक्षर नाही. पायथन तिथे ‘युनिकोड डीकोड एरर’ म्हणून थांबतो, आणि ते बरंच आहे.

आत्या : हे मला मान्य. स्थानांसाठी मी अडून बसत नाही. आपल्या माणसांची नावं आपल्या लिपीत यायलाच हवीत, आणि त्यासाठी लांबी मोकळी सोडावी लागणार. पण आमच्या फाइलीत एक गोष्ट होती, ती तुझ्यात नाही. शेवटची ओळ.

भाची : ट्रेलर?

आत्या : ट्रेलर. एकूण नोंदी इतक्या, एकूण रक्कम इतकी. शिवाय खाते क्रमांकांची बेरीज. त्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नाही, पण एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तर ती चुकते. ‘हॅश टोटल’ म्हणायचो आम्ही. प्रोग्राम वाचता वाचता हे सगळं मोजायचा आणि शेवटच्या ओळीशी ताडून पाहायचा. एका पैशाचा फरक आला तरी एकही नोंद खात्यावर पडायची नाही. तुझी सीएसव्ही मधेच तुटली तर तुला कळणार कसं?

भाची : फाइल म्हणून? नाही कळणार. अर्धी फाइल हीसुद्धा नियमात बसणारी पूर्ण फाइल असू शकते.

हा मुद्दा केवळ बँकेच्या शिस्तीपुरता नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेला सांगावं लागलं की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविडबाधित रोजच्या आकड्यांत आलेच नव्हते. प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइली येत होत्या आणि त्या एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरल्या जात होत्या. त्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. पुढच्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण कोण आलं हे शोधणाऱ्यांकडे ही नावं वेळेत गेली नाहीत, आणि साथीत तेच दिवस मोलाचे होते. ‘माझ्यात इतक्या ओळी आहेत’ हे सांगायला सीएसव्हीत जागाच नाही. ती जागा वेगळी करून द्यावी लागते, आणि ती देणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे. या बाबतीत मी पूर्णपणे आत्याच्या बाजूचा आहे.

भाची : मी तुला आणखी एक सांगते, तुझ्याच बाजूचं. समज, एका ओळीत सुरुवातीचा कोट आहे, शेवटचा राहिला आणि त्यापुढे फाइलीत कुठेच कोट नाही. मॉड्यूलच्या दृष्टीने तो रकाना अजून संपलेला नाही. मग पुढची ओळ त्याच रकान्यात, त्याच्या पुढचीही त्यातच. फाइल संपते तेव्हा शांताबाईंच्या नावाच्या रकान्यात पुढची सगळी माणसं बसलेली असतात. एक रकाना १,३१,०७२ अक्षरांच्या पुढे गेला तरच ते ओरडतं. गावची यादी लहान असते, ती मर्यादा कधी येतच नाही.

आत्या : आणि हे तू चालवून घेतेस?

भाची : ‘स्ट्रिक्ट’ चालू केलं की शेवटी चूक दाखवतं. पण ते आपण चालू करावं लागतं. आपोआप नसतं.

आत्या : का नसतं?

भाची : कारण बाहेरच्या जगातल्या फाइली खराबच असतात. इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत, १९८० साली, जॉन पोस्टेलने लिहून ठेवलं की आपण पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार राहा. त्या उदारपणामुळेच वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकली. लायब्ररी लिहिणारे त्याच परंपरेतले. प्रत्येक फाइलीवर अडून बसणारी लायब्ररी कुणी वापरली नसती.

आत्या : उदारपणा कुणाच्या खर्चाने, ते बघ. घेणाऱ्याने सांभाळून घेतलं की पाठवणाऱ्याला चूक कळतच नाही. पुढच्या महिन्यात तो तशीच फाइल पाठवतो. दोन वर्षांनी ती चूक हीच रीत होते.

भाची : बरोबर हेच आक्षेप आता तिकडेही घेतात. २०२३ साली या तत्त्वाच्या तोट्यांवर स्वतंत्र आरएफसी निघाला.

आत्या : मग वाद कशाचा राहिला?

भाची : किती कडक, याचा. तू एका पैशासाठी पूर्ण फाइल परत पाठवायचीस. चार हजार माणसांची यादी, तीन ओळींत गडबड. उरलेल्या माणसांनी त्या तिघांसाठी का थांबायचं? पेरणी थांबत नाही.

आत्या यावर लगेच बोलत नाही. ती ज्या काळात काम करत होती तेव्हा फाइल परत पाठवणं म्हणजे टेप दुसऱ्या दिवशी पुन्हा येणं. उशीर एका दिवसाचा. आज फाइल ज्या कार्यालयातून येते तिथे ती दुरुस्त करणारा माणूस असेलच असं नाही. भाचीचं हे म्हणणं व्यवहाराला धरून आहे आणि हळवंही आहे. पण ‘तीन ओळींत गडबड’ हे कळण्यासाठी आधी ती गडबड दिसली पाहिजे, आणि नेमकं तिथेच सगळं निसटतं.

आत्या : त्या ओळीतलं १२/३ बघ. हे काय आहे?

भाची : गट बारा, हिस्सा तीन.

आत्या : एक्सेलमध्ये उघड.

भाची : १२ मार्च होईल. अमेरिकन पद्धतीची तारीख लावलेली असेल तर ३ डिसेंबर. आणि ती फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की हिस्सा कायमचा गेला. खात्याची पुढची दोन शून्यंही जातात. बारा आकडी क्रमांक असेल तर १.२३४५७ई+११ असं काहीतरी दिसतं, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरतं. मागचे आकडे परत मिळवायला मार्ग नाही. जनुकांची नावं अभ्यासणाऱ्यांचंही हेच झालं. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशा छोट्या नावांच्या जनुकांच्या तारखा होत होत्या. इतक्या शोधनिबंधांत ते शिरलं की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलली.

आत्या : माणसांनी यंत्रासाठी नावं बदलली.

भाची : हो. पण यात पायथनचा हात नाही. सीएसव्ही मॉड्यूल काही ओळखायला जात नाही. ते प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच हातात देतं. १२/३ म्हणजे १२/३.

आत्या : आणि तू रोज वापरतेस ते, पांडा काहीतरी?

भाची : पांडाज. ते मात्र ओळखतं. खाते क्रमांकाचा रकाना सगळा आकड्यांचा दिसला की त्याची संख्या करतं, शून्यं उडतात. एखादं खातं रिकामं असेल तर पूर्ण रकाना दशांश होतो, मागे ‘.०’ लागतं. आणि ‘एनए’ ही दोन इंग्रजी अक्षरं दिसली की ते ‘माहिती नाही’ धरतं. नामिबिया देशाचा संकेत ‘एनए’ आहे. तो देश यादीतून नाहीसा होतो.

आत्या : तरी वापरतेस.

भाची : वापरते, कारण समोर अनोळखी फाइल आली की पहिल्या पाच मिनिटांत तिचा अंदाज येतो. कुठला रकाना कसला, किती रिकामा, सगळ्यात मोठी रक्कम कुठली. हे तुझ्या पद्धतीत दिवस घेईल. पण ज्या दिवशी त्या फाइलीवरून पैसे जाणार असतात, त्या दिवशी सगळे रकाने मजकूर म्हणूनच वाचायचे असं मी सांगते, रिकाम्याचा अर्थ लावणं बंद करते, आणि मग एकेका रकान्याला मी स्वतः सांगते की तू कोण आहेस.

आत्या : म्हणजे डेटा डिव्हिजन लिहितेस.

भाची : हो. तेच म्हण.

या ठिकाणी दोघी सर्वात जवळ येतात, आणि मला वाटतं खरं काम इथेच आहे. लायब्ररीला व्याकरण कळतं : कोट कुठे उघडला, नोंद कुठे संपली. खाते क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते, म्हणून तो आकड्यांचा असूनही मजकूरच आहे. रकमेची करायची असते, आणि ती पैशापर्यंत अचूक लागते. हे त्या गावाला, त्या सोसायटीला, त्या कारकुनाला माहीत असतं. ते प्रोग्रामात लिहावं लागतं. अंदाजावर सोडलं की बहुतेक वेळा जमून जातं, आणि बहुतेक वेळा जमतं म्हणूनच उरलेल्या वेळी कुणी पाहत नाही.

आत्या : रक्कम कुणी मराठी आकड्यांत भरली तर?

भाची : पायथन ती घेतो. मधले कॉमा काढले की १२५००० देवनागरीत असलं तरी त्याची पूर्ण संख्या होते. याचा मला फार आनंद झाला होता. जेसन या दुसऱ्या फाइल-साच्यात मात्र ते चालत नाही. तिथे संख्या इंग्रजी आकड्यांतच.

आत्या : आणि नावं? एकच माणूस दोन याद्यांत असेल तर नाव नावाशी जुळतं?

भाची : ‘कुऱ्हाडे’ घे. त्यातला तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत चिन्हं वेगळी. पायथनला विचारलं की ही दोन नावं एक आहेत का, तर तो नाही म्हणतो. युनिकोडचं प्रमाणरूप करून घेतलं तरीही नाही, कारण त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं. आपलं आपण एक रूप ठरवायचं आणि दोन्ही याद्या त्यात आणायच्या. नावावर जुळवणी करूच नये हे उत्तम.

आत्या : आता लिहिण्याचं सांग. वाचण्यावर इतकं बोललीस.

भाची : लिहिताना मी फाइल उघडते ती ‘न्यूलाइन’ रिकामं ठेवून. नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. एक्सेलमध्ये उघडणार असतील तर ‘यूटीएफ-८-सिग’ लावते. त्याने फाइलीच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण पडते, आणि एक्सेलला मराठी नीट दिसतं. पण तीच फाइल कुणी साध्या यूटीएफ-८ ने वाचली की ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. ‘नाव’ हा रकाना विचारला तर प्रोग्राम म्हणतो, असा रकानाच नाही. डोळ्यांना तर समोर ‘नाव’ दिसत असतं.

आत्या : मग जेसनच का लिहीत नाहीस? त्यात मजकूर वेगळा, संख्या वेगळी.

भाची : कार्यालयात जेसन कोण उघडून बघणार? यंत्राकडून यंत्राकडे जाणार असेल तर जेसनच देते. तिथेही सांभाळायचं असतंच. पायथन आपण होऊन मराठी मजकूर जसाच्या तसा लिहीत नाही. प्रत्येक चिन्हाच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि संकेतांक येतो. परत वाचल्यावर बरोबर निघतो, पण माणसाला वाचता येत नाही, म्हणून मी ते बंद करते. खातं अवतरणातच लिहायचं. जेसनच्या संख्येला पुढे शून्य चालत नाही. मोठे क्रमांक संख्या म्हणून पाठवले तर जावास्क्रिप्ट दोनच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडे ते अचूक धरू शकत नाही. ट्विटरला २०१० मध्ये प्रत्येक क्रमांक मजकूर म्हणूनही द्यावा लागला, तो याच कारणाने. आणि एकाच नोंदीत ‘रक्कम’ दोनदा आली तर पायथन दुसरी ठेवतो, पहिली न बोलता टाकतो.

आत्या : न बोलता.

भाची : ते पकडायला वाट आहे. जोड्या आल्या तशा हातात घेता येतात, दुसरी दिसली की थांबता येतं. रक्कमही दशांशाच्या अंदाजी रूपात न घेता ‘डेसिमल’ म्हणून घेता येते. सगळं देता येतं, आत्या. फक्त मागावं लागतं.

आत्या : आणि ट्रेलर?

भाची : सीएसव्हीच्या आत नाही घालणार. शेवटची ओळ वेगळ्या घडणीची असली की दुसऱ्यांची लायब्ररी तिलाही सभासद समजेल. शेजारी दुसरी छोटी फाइल ठेवते : नोंदी किती, रकमेची बेरीज किती, तुझी हॅश टोटल, आणि पूर्ण फाइलीचा एसएचए-२५६ ठसा. वाचणारा प्रोग्राम आधी ती बघतो. नसेल तर सुरूच होत नाही.

आत्या : बेरीज जुळली नाही तर?

भाची : पूर्ण फाइल परत. इथे तुझं ऐकलं. बेरीज जुळत नाही म्हणजे कुठली ओळ खरी हेच आपल्याला माहीत नाही. पण बेरीज जुळली आणि चार हजारांतल्या तीन ओळींत खातं अपुरं निघालं, तर त्या तीन बाजूला आणि बाकीच्यांचे पैसे आजच. इथे माझं.

आत्या : बाजूला म्हणजे कुठे? तुझ्या मशीनवर एका फोल्डरमध्ये?

भाची : वेगळ्या फाइलीत. मूळ ओळ जशी आली तशी, एकही अक्षर न बदलता. पुढे ओळ क्रमांक आणि नाकारण्याचं कारण. ज्यांनी यादी पाठवली त्यांच्याकडे त्याच दिवशी जाते.

आत्या : कारण कसलं लिहितेस?

भाची : ‘व्हॅलिडेशन फेल्ड, फील्ड थ्री’.

आत्या : ते वाचणारा सोसायटीचा सचिव आहे. त्याला तिसरा रकाना मोजायला लावू नकोस. ‘पाटील शांताबाई रामचंद्र यांचा खाते क्रमांक नऊ आकडी आला आहे, अकरा हवेत, पासबुक पाहून कळवा’ असं लिही. आणि खाली सांग, कुणाला कळवायचं आणि कधीपर्यंत.

भाची : प्रत्येक कारणाचं वाक्य वेगळं लिहावं लागेल.

आत्या : कारणं किती आहेत तुझ्याकडे?

भाची : अकरा-बारा असतील.

आत्या : मग बस. आजच लिहून टाकू. पहिलं कोणतं?